औंधचा गावकारभार : एका दुष्काळी गावाचा इतिहास आणि त्याची शिकवण

सातारा शहरापासून पूर्वेकडे सुमारे चाळीस किलोमीटरवर, खटाव तालुक्यात, औंध हे लहानसे गाव आहे. गावाच्या डोक्यावर यमाई देवीचा डोंगर, पायथ्याशी जुने वाडे, मंदिरे आणि पेठ, आणि भोवती मुरमाड माळ व हलक्या जमिनीची शिवारे असे त्याचे साधारण स्वरूप आहे. वर्षातून एकदा यात्रेला जाणाऱ्यांना ते देवीचे ठाणे म्हणून परिचित आहे, तर चित्रकलेच्या अभ्यासकांना ते तेथील वस्तुसंग्रहालयामुळे ठाऊक आहे. परंतु ज्याला गावकारभारात आस्था आहे अशा शेतकऱ्याने औंधची ओळख निराळ्या कारणासाठी करून घेतली पाहिजे. १९३९ साली, देश स्वतंत्र होण्यापूर्वी आठ वर्षे, ह्या गावी राहणाऱ्या राजाने आपला अधिकार आपण होऊन प्रजेच्या स्वाधीन केला आणि राज्यकारभाराचा पाया गावपंचायतीवर उभा केला. तो प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. तरीही गावाच्या हाती पैसा व निर्णय आल्यावर काय घडते आणि काय घडू शकत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्यातून शिकण्यासारख्या आहेत.

भूमी आणि पाऊस

औंधचा इतिहास समजून घ्यावयाचा तर प्रथम त्याच्या जमिनीकडे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास पावसाचे पाणी लोटत असते, त्याच वेळी त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात ढग नुसते डोक्यावरून निघून जातात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. खटाव तालुक्यात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वेळेवर पडेलच ह्याची शाश्वती नसते. येरळा नदी ह्याच तालुक्यात उगम पावते, परंतु पावसाळा सरला की तिचे पात्र लवकरच कोरडे पडते. नदीकाठी मध्यम काळी जमीन, तर डोंगरउतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथील जुनी पिके. जेथे विहिरीस पाणी आहे तेथे बटाटा, आले ह्यांसारखी नगदी पिके आता घेतली जातात.

अशा मुलखात शेतीला जनावरांची जोड असणे अपरिहार्यच होते. काटक, चपळ आणि थोड्या वैरणीवर तग धरणारे खिलार बैल हे माणदेशाचे आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांचे धन. आटपाडीजवळच्या खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. पाऊस फसला की हीच जनावरे विकून किंवा सोबत घेऊन माणसे गाव सोडीत आणि पाऊस झाला की परत येत. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ ह्यांच्या आठवणी ह्या भागात घरोघर सांगितल्या जात आल्या आहेत.

पंतप्रतिनिधींचे गाव

औंध हे पंतप्रतिनिधी घराण्याचे संस्थान होते. ह्या घराण्याचा मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हा कोरेगाव तालुक्यातील किन्हईचा. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात आपल्या कर्तबगारीने तो प्रतिनिधिपदास चढला. पुढे शाहू महाराजांच्या काळात त्याचा मुलगा श्रीपतराव ह्याने ते पद भूषविले. यमाई ही ह्या घराण्याची कुलदेवता. डोंगरावरील तिच्या स्थानास मूळपीठ म्हणतात. पौष महिन्यात तिची यात्रा भरते, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील लोक सुगीच्या धामधुमीतही वेळ काढून दर्शनास येतात.

इंग्रजी अमदानीत औंध हे लहानसे संस्थान उरले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि गावे ७२. तीही एका सलग पट्ट्यात नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा चार विखुरलेल्या तालुक्यांत ती पसरली होती. एका तालुक्यातून दुसऱ्यात जाण्यास इंग्रजी मुलूख ओलांडावा लागे. आटपाडीच्या शेतकऱ्यास सरकारदरबारी काम पडले तर घर आणि गुरे सोडून औंधपर्यंतची वाट तुडवावी लागे. कारभार दूर असला म्हणजे तो महाग पडतो, हा अनुभव त्या शेतकऱ्यास पुरेपूर होता.

१९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार नित्याचे झाले, ते त्यांच्याच आग्रहामुळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिला त्यांनी आर्थिक साहाय्य दिले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर ह्यांनी १९१८ पासून औंधास राहून आपले ग्रंथकार्य केले. १९३८ साली डोंगराच्या अंगावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. राजा रविवर्मा ह्यांची चित्रे आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे शिल्प ह्या आडगावच्या संग्रहालयात आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

लोखंडी नांगराची गोष्ट

शेतकऱ्यांच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाची गोष्ट कुंडल तालुक्यात घडली. बेळगावास शेतीची अवजारे बनविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांना तेथील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडलजवळ जागा देऊ केली. निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे जे लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले, त्यांचे हे माहेर.

परंतु हा नांगर आरंभी खपला नाही, ही गोष्ट विस्तारकार्य करणाऱ्याने विसरू नये. लोखंडाने जमीन बाधते, तिचा कस जातो, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर विकावयास दोन वर्षे लागली. शेजाऱ्याच्या शेतात तो चाललेला पाहिला, खोल नांगरट झाली, हरळी व कुंदा उपटून निघाला, तेव्हा कोठे लोकांचा विश्वास बसला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून एक पत्रक निघू लागले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक वाढले आणि ते गावोगावच्या वाचनालयांत पोहोचले. नवे अवजार आणि नवे वाचन एकाच माळावरून निघाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

राजाने अधिकार सोडला

१९३७ साली बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेतून शिक्षण घेऊन परतले. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे विद्युत अभियंते औंधशी जोडले गेले. बंगळुरास सरकारी कारखान्यात काम केलेले हे गृहस्थ गांधीजींच्या विचारांनी भारून गेले होते. पुढे ते स्वामी भारतानंद ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे घोषित केले. तिचा आराखडा घेऊन अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामास गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने तो पक्का झाला. १९३९ च्या जानेवारीत ही राज्यघटना अमलात आली.

तिची रचना खालून वर अशी होती. प्रत्येक गावी लोकांनी निवडलेली पाच जणांची पंचायत, गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांची तालुकासभा आणि तालुकासभांतून पाठविलेल्या प्रतिनिधींची संस्थानची विधिसभा. म्हणजे वरच्या सभेत बसणारा मनुष्य आधी आपल्या गावच्या ओट्यावर बसलेला असे. विहिरीची गाळउपसणी, शाळेचे छप्पर, पांदीची दुरुस्ती ह्या प्रश्नांचा अनुभव घेऊनच तो विधिसभेत जाई. गावच्या महसुलाचा मोठा हिस्सा गावाकडेच ठेवावा, अशी व्यवस्था होती. त्यामुळे पंचायतीचे ठराव कागदावरच राहत नसत. गांधीजींनी मताधिकाराला साक्षरतेची जोड देण्याचा आग्रह धरला होता. ज्याला स्वतःच्या गावाचा हिशेब वाचता येत नाही त्याला कोणीही फसवील, हा त्यामागील व्यवहार होता. साहजिकच प्रौढांच्या शिक्षणाला निकडीचे महत्त्व आले.

न्यायदानही गावाजवळ आणण्यात आले. बांधाचे भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी, सामाईक विहिरीतील वाटा, गुरांनी केलेली नासाडी हे खेड्यातील तंट्यांचे नेहमीचे विषय. असे तंटे तालुक्याच्या कचेरीत गेले की बांध राहतो बाजूला आणि दोन्ही घरे कर्जात बुडतात. ज्यांना तो बांध रोज दिसतो अशा पंचांसमोर तोच तंटा निघाला की खोटे बोलणे अवघड होते. गावन्यायालयाचे खरे बळ ह्यातच होते.

कैद्यांची शेती

ह्याच काळात आटपाडीजवळ एक आणखी धाडसी प्रयोग झाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी उघड्या माळावर जमीन कसण्यास द्यावी, त्यांच्या कुटुंबांनाही सोबत राहू द्यावे, अशी फ्रीडमन ह्यांची कल्पना होती. बाळासाहेबांनी ती मान्य केली आणि १९३९ साली स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. दगड वेचणे, बांध घालणे, विहीर खणणे आणि पीक काढणे हाच तेथील कैद्यांचा दिनक्रम. जमिनीची जबाबदारी अंगावर पडलेला मनुष्य सहसा पळून जात नाही, हा त्या प्रयोगाचा आधार होता. ग. दि. माडगूळकर हे आटपाडी भागातले आणि त्यांचे शिक्षण औंधास झालेले. त्यांनी ह्या वसाहतीवर आधारलेली कथा लिहिली आणि व्ही. शांताराम ह्यांनी तिच्यावरून १९५७ साली 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट काढला. संस्थान गेले, परंतु स्वतंत्रपूरची खुली वसाहत तुरुंग विभागाच्या व्यवस्थेखाली पुढेही चालू राहिली.

तालीम, कीर्तन आणि संगीत

गावाचा कारभार केवळ ठरावांवर चालत नाही. त्याला एकत्र बसण्याची सवय लागते आणि ती सवय देवळात, तालमीत, यात्रेत लागलेली असते. औंधच्या समाजजीवनात ह्या गोष्टी भरपूर होत्या. स्वतः राजा कीर्तनास उभा राही आणि स्वतः रंगविलेली चित्रे दाखवून आख्यान लावी. दरबारी गायक अंतूबुवा जोशी आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी ह्यांच्यामुळे येथे शास्त्रीय संगीताची परंपरा रुजली. औंधचा संगीत महोत्सव आजही रसिकांना ह्या गावी ओढून आणतो.

गावातल्या लोकांनी मिळून काही उभारणे म्हणजे काय, हे व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या 'बनगरवाडी' ह्या १९५५ साली पुस्तकरूपाने निघालेल्या कादंबरीत वाचावयास मिळते. औंध संस्थानच्या मुलखातील धनगरवस्तीत एक तरुण मास्तर येतो आणि त्याच्या प्रेरणेने गावकरी स्वतःच्या श्रमाने तालमीची इमारत बांधतात. परंतु पुढे पाऊस दगा देतो आणि वस्ती उठते. लेखकाने हा शेवट उगीच योजलेला नाही. एकीने इमारत उभी राहते, पण शिवारात पाणी नसेल तर त्या इमारतीत राहावयास माणसे उरत नाहीत.

प्रयोगाच्या मर्यादा

औंधच्या प्रयोगाचे नुसते गुणगान करणे योग्य होणार नाही. त्याचा बहुतेक काळ दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईत आणि टंचाईत गेला. तालुके विखुरलेले, उत्पन्न तुटपुंजे आणि पंच नवखे होते. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे महत्त्वाचे केंद्र जे कुंडल, ते औंध संस्थानातीलच. प्रतिसरकारनेही गावोगाव न्यायनिवाडे केले. लोक आपला कारभार आपण करण्यास उत्सुक होते, एवढे ह्यावरून निश्चित दिसते.

मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. देशाच्या ऐक्यासाठी ते अवश्यच होते. पण मोठ्या राज्याच्या कायद्यात औंधच्या पंचायतींची ती रचना बसणारी नव्हती. न्याय पुन्हा कचेरीत गेला आणि महसूल पुन्हा खजिन्यात गेला. जी व्यवस्था वरून मिळाली होती ती वरूनच निघून गेली. बाळासाहेब १९५१ साली वारले. अप्पासाहेब पंतांनी पुढे भारताचे परदेशांतील प्रतिनिधी म्हणून काम केले.

त्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींना राज्यघटनेचाच आधार मिळाला. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा मोठा निधी ग्रामपंचायतींच्या हाती पडू लागला. औंधच्या पंचांना जे राजाच्या मर्जीने मिळाले होते, ते आजच्या गावाला कायद्याने मिळाले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ते वापरण्यासाठी गाव एकत्र बसते काय?

पाण्याचा हिशेब

कोरडवाहू मुलखात ह्या प्रश्नाची खरी कसोटी पाण्यापाशी लागते. संस्थानात असलेल्या त्याच आटपाडी भागात १९९३ पासून पाणी परिषदा भरू लागल्या. प्रतिसरकारातील एक सेनानी नागनाथअण्णा नायकवडी ह्यांनी त्यांत पुढाकार घेतला. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे आणि ते समन्यायाने वाटले जावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे टेंभू उपसा योजनेचे पाणी त्या भागात पोहोचले. खटाव-माणसाठी जिहे-कठापूर योजना हाती घेण्यात आली. परंतु कालव्याचे पाणी येवो अथवा न येवो, गावच्या शिवारात पडणाऱ्या पावसाचा हिशेब गावानेच ठेवला पाहिजे.

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. ५०० मिलीमीटर पाऊस झाला तर त्याच हेक्टरावर ५० लाख लिटर पाणी पडले. त्यांतील काही वाहून जाते, काही उन्हाने उडून जाते, काही जमिनीत मुरते. समपातळीत बांध, ताली आणि नालाबंडिंग केले तर मुरणाऱ्या पाण्याचा वाटा वाढतो. गावाचे क्षेत्र आणि पर्जन्यमापकातील आकडा हाती असला की दसऱ्याच्या सुमारास गावाला अंदाज घेता येतो : माणसांना व जनावरांना पिण्यास किती पाणी लागेल, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके निघतील. रब्बी ज्वारी किंवा हरभरा ह्यांना लागणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट पाणी उसास लागते. एकाने विहिरीवर ऊस केला तर उन्हाळ्यात दहा जणांच्या विहिरी कोरड्या पडू शकतात. हा निर्णय कोणत्याही कचेरीत बसून घेता येणार नाही. तो ग्रामसभेतच झाला पाहिजे.

औंधच्या अनुभवावरून ग्रामसभेने पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात :

१. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्यांपैकी एक सभा पावसाळा संपताच केवळ पाण्याच्या ताळेबंदासाठी ठेवावी.

२. ग्रामपंचायतीचा जमाखर्च सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो समजेल असे पाहावे. औंधमध्ये साक्षरतेचा आग्रह ह्याच कारणासाठी होता.

३. बांधाचे व पाण्याच्या पाळीचे तंटे जागेवर जाऊन, शेजाऱ्यांसमक्ष, सामोपचाराने मिटवावेत. मोजणीची गरज असेल तेथे ती आधी करून घ्यावी.

४. नवे वाण, नवे अवजार किंवा ठिबक संच ह्यांची शिफारस ऐकून घ्यावी, परंतु गावातील एकदोन शेतांत ती प्रथम करून पाहावी. लोखंडी नांगरही पाहूनच पटला.

५. मृद्संधारणाच्या कामांची देखभाल कोण करणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. गाळ न काढलेला बंधारा पाचसहा वर्षांत निरुपयोगी होतो.

६. सभेला शेतात राबणाऱ्या स्त्रियांची उपस्थिती असावी. पिण्याच्या पाण्याची टंचाई प्रथम त्यांनाच जाणवते आणि तिचा उपायही त्यांना आधी सुचतो.

शेतकरी बंधुभगिनींनी कधी यमाईच्या दर्शनास औंधास जाण्याचा योग आला तर डोंगरावरून चोहोकडच्या शिवाराकडे अवश्य पाहावे. ह्या कोरड्या मुलखात एका राजाने आपला अधिकार खाली ठेवला आणि साध्या शेतकऱ्यांनी तो काही वर्षे उचलून धरला. आता तो कायमचा त्यांच्याच हाती आला आहे. येत्या हंगामाची पेरणी ठरविण्यापूर्वी आपल्या गावाने एकदा एकत्र बसून आपले पाणी मोजावे, म्हणजे त्या अधिकाराचे चीज होईल.